माघारीची वाट

जुन्या जीपचं इंजिन बिघडलं की गावात चार माणसं बॉनेटखाली डोकं घालायला तयार असतात. क्लच, ब्रेक, पाटे, क्रॉस, प्रत्येकावर प्रत्येकाचं काहीतरी मत असतं. पण दिवे मिणमिणायला लागले, सेल्फ नुसताच टकटक करायला लागला, की तीच माणसं हात झटकून मागे सरकतात. "वायरिंगचं काहीतरी आहे," एवढं म्हणतात, आणि ते 'बाहेरचं काहीतरी आहे' म्हटल्यासारखं ऐकू येतं. झिजलेलं लोखंड दिसतं, गळणारं तेल दिसतं, करंट दिसत नाही. मग अंदाजाने सामान बदलणं सुरू होतं. आधी बॅटरी, मग सेल्फ, मग डायनामो. हजारो रुपये जातात आणि दोष होता तिथेच राहतो. हे बघून मला खरंच वाईट वाटतं, कारण गाडीतली वीज फार नियमाने वागते. योग्य ठिकाणी मोजलं तर दोष लपून राहू शकत नाही.

आमची जीप डिझेलची, ताडपत्रीच्या टपाची, जुन्या घडणीची. साताऱ्याहून कासचं पठार ओलांडून बामणोलीकडे उतरलं की कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या अंगाला आमचं शेत लागतं. डांबर संपल्यावरचा पल्ला जांभ्याच्या दगडांचा आणि ओढ्यांचा आहे. मे महिन्यात त्या वाटेवर घोट्याएवढी लाल धूळ असते, जुलैत गुडघाभर पाणी. पावसाळ्यात तिकडे आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, कपडे वाळत नाहीत, भिंतींना बुरशी धरते. अशा हवेत गाडीतली प्रत्येक पितळी पिन, प्रत्येक उघडी तार हळूहळू खाल्ली जाते. वरून जांभ्यावरचे हादरे. शहरात वर्षानुवर्षं टिकणारा जोड इथे एका मोसमात ढिला होतो. फोर बाय फोर म्हटलं की लोक टायर, सस्पेन्शन, लॉकर यांवर तासन् तास बोलतात. चिखलात रुतलेली जीप दोर लावून, चार माणसांनी ढकलून निघते. रात्रीच्या पावसात ओढ्याअलीकडे दिवे गेलेली जीप तिथेच राहते.

जुन्या डिझेल गाड्यांमुळे आपल्याकडे विजेकडे दुर्लक्ष करायची सवय लागली असावी, असं मला वाटतं. तसलं इंजिन एकदा पेटलं की त्याला विजेची फारशी गरज नसते. म्हणून जुने ड्रायव्हर जीप नेहमी उतारावर लावायचे, दुसऱ्या गिअरमध्ये सोडायची आणि क्लच उचलायचा, की झाली चालू. सेल्फ मेला तरी महिनोन् महिने कुणी दुरुस्त करत नसे. नव्या कॉमनरेल डिझेल गाड्यांत ही सोय राहिलेली नाही. तिथे इंजिनचा कॉम्प्युटर जागा व्हायला नीट व्होल्टेज लागतं, आणि ते कमी पडलं तर स्कॅनरवर अशा अशा सेन्सरांचे दोष दिसतात ज्यांना प्रत्यक्षात काहीही झालेलं नसतं.

आमच्या जीपची लक्षणं मजेशीर वाटावीत अशी होती. हेडलाईट लावले की इंजिन गरम नसतानाही टेंपरेचरचा काटा वर सरकायचा. डावा इंडिकेटर दिला की त्याच तालात डावा पार्किंगचा दिवा लुकलुकायचा. सेल्फ मारला की दिवे जवळजवळ विझायचे, आणि दोन-तीनदा ओळीने मारला तर अ‍ॅक्सिलरेटरची केबल हाताला गरम लागायची. एका गॅरेजने नवी बॅटरी सुचवली, दुसऱ्याने सेल्फ उतरवून त्याचे कार्बन बदलायला सांगितले.

साताऱ्यात एक वयस्कर वायरमन आहेत. सगळे त्यांना मामा म्हणतात, मीही म्हणतो. त्यांनी कशालाच हात न लावता आधी मला सगळी लक्षणं सांगायला लावली. केबल गरम होते म्हटल्यावर ते थांबले आणि म्हणाले, "दादा, करंट जातोय झकास. माघारी यायला वाट न्हाई त्याला."

वायरिंगचं निम्मं शास्त्र या वाक्यात आहे. घरातल्या दिव्याला जशा दोन तारा लागतात तशा गाडीतल्या दिव्यालाही लागतातच. फरक एवढाच की गाडीत दुसरी तार ओढलेली नसते. बॅटरीच्या प्लसपासून निघालेला करंट दिव्यातून जातो आणि बॉडीच्या पत्र्यातून, चासीतून बॅटरीच्या मायनसला परत येतो. यालाच आपण अर्थिंग म्हणतो. आता इंजिन तर रबरी फाउंडेशनवर बसलेलं असतं, आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिन आणि चासी यांच्यामध्ये विणलेल्या तांब्याची एक पट्टी लावलेली असते. सेल्फ फिरताना दोनशे-तीनशे अँपिअर करंट ओढतो, आणि तो सगळा या एका पट्टीतून माघारी येतो. पट्टी कुजली की करंट दुसरी वाट शोधतो. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारं जे काही धातूचं हाताशी असेल त्यातून तो घुसतो: अ‍ॅक्सिलरेटरची केबल, मीटरची केबल. बोटाएवढ्या जाडीच्या वायरचं काम सायकलच्या ब्रेकवायरएवढ्या तारेवर पडतं. ती तापते, तिचं प्लास्टिकचं आवरण वितळतं, आणि मग मालक म्हणतो की केबल सारखी जाम होते.

मामांनी दोष शोधला ती पद्धत मी इथे सविस्तर लिहितो, कारण ती कुणालाही घरी करता येते आणि तिला साध्या मल्टिमीटरपलीकडे काही लागत नाही. आधी बॅटरी मोजली, १२.६ व्होल्ट. म्हणजे बॅटरी पूर्ण भरलेली. मग मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून त्याचं एक टोक बॅटरीच्या मायनस पोलवर धरलं. पोलवर म्हणजे मधल्या शिशाच्या खुंटीवरच, भोवतीच्या क्लॅम्पवर नाही, कारण क्लॅम्प आणि खुंटी यांच्यातही दोष असू शकतो. दुसरं टोक इंजिनच्या ब्लॉकवर, रंग खरवडलेल्या जागी. इंजिन पेटू न देता मला सेल्फ मारायला सांगितलं. दोन्ही टोकं मायनसच, त्यामुळे मीटरवर जवळजवळ शून्य यायला हवं. सेल्फच्या एवढ्या मोठ्या करंटला अर्धा व्होल्ट चालून जातो. आमच्या मीटरवर दीड व्होल्टच्या वरचा आकडा आला. म्हणजे बॅटरीने दिलेल्या व्होल्टेजचा एवढा मोठा हिस्सा सेल्फपर्यंत न पोचता परतीच्या वाटेवर उष्णता होऊन जळत होता.

पट्टी काढली तेव्हा मी शेजारी टॉर्च धरून होतो. वरून ती बरी दिसत होती. बोल्ट सैल केल्यावर थिंबलखालून, म्हणजे टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या कडीखालून, हिरवी-पांढरी भुकटी सांडली. वीण हाताने दुमडली तशा तिच्या आतल्या तारा वाळक्या गवतासारख्या मोडल्या. बाहेरचा थर तेवढा तांब्याचा राहिला होता. चासीवर जिथे थिंबल टेकलं होतं तिथे काळा रंग जसाच्या तसा होता, कधीतरी चासी रंगवताना कुणीतरी जोड न काढताच वरून फवारा मारला होता आणि नंतर पट्टी रंगावरच आवळली होती. मामांनी पॉलिश पेपरने चवलीएवढी जागा चकचकीत होईपर्यंत घासली, दातेरी वॉशर घातला, नवी पट्टी आवळली आणि मगच वरून पेट्रोलियम जेली चोपडली. क्रम महत्त्वाचा आहे: धातूला धातू आधी भिडला पाहिजे, जेली नंतर वरून. त्यानंतर एक जास्तीची वायर बॅटरीच्या मायनसपासून थेट इंजिनला, आणि एक चासीपासून बॉडीच्या पत्र्याला. पुन्हा मोजलं तर पाव व्होल्टच्या आत. टेंपरेचरचा काटा, लुकलुकणारा पार्किंगचा दिवा, मंद सेल्फ, तिन्ही तक्रारी एकाच वेळी संपल्या. बॅटरी जुनीच, सेल्फ जुनाच.

मल्टिमीटरची 'टूं' ऐकून बरेच जण फसतात, त्याबद्दल सांगायलाच हवं. जोड आहे की नाही हे बघायला मीटर अगदी नगण्य करंट सोडतो. वायरीतल्या पन्नास तारांपैकी एकच शाबूत असली तरी तो वाजतो. त्याच वायरीवर हेडलाईटचा भार टाकला की ती कोसळते. म्हणून गाडीतला दोष नेहमी चालू स्थितीत, भार टाकून मोजायचा. २१ वॅटच्या जुन्या इंडिकेटरच्या बल्बला दोन तारा लावून केलेला टेस्ट लॅम्प मामा अजून वापरतात, आणि जुन्या गाडीवर तो महागड्या मीटरपेक्षा पुष्कळदा खरं उत्तर देतो. नव्या, कॉम्प्युटर असलेल्या गाडीत मात्र तो सेन्सरच्या तारांना लावू नये. तेवढा करंट त्या सर्किटना सोसत नाही.

तसंच आपल्याकडे अजून चालणारी एक परीक्षा कायमची बंद व्हायला हवी. इंजिन चालू ठेवून बॅटरीचा एक पोल काढायचा, इंजिन आणि दिवे चालू राहिले तर डायनामो ठीक. खऱ्या डायनामोच्या काळात ते खपून जायचं. आता ज्याला आपण सवयीने डायनामो म्हणतो तो ऑल्टरनेटर असतो, आणि बॅटरी अचानक सुटली की त्याचं व्होल्टेज क्षणभरासाठी कित्येक पटींनी उसळतं. त्यात त्याचे स्वतःचेच डायोड जाऊ शकतात, कॉम्प्युटर असेल तर तोही. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले की चार्जिंग ठीक आहे, एवढं मोजणं पुरतं.

सामानाचं म्हणाल तर माझं ठाम मत आहे की पैसा आधी वायर आणि थिंबलवर घालावा, दिव्यांवर नंतर. पुण्याच्या नाना पेठेत गेलं की दुकानांच्या दर्शनी भागात एलईडी बार, रंगीत हॉर्न, चकाकणारे स्विच टांगलेले असतात. चांगली वायर आत मागे रिळांवर असते आणि ती मागून घ्यावी लागते. मागताना जाडी चौरस मिलिमीटरमध्ये सांगावी आणि तांबं खात्रीचं घ्यावं. स्वस्त वायरीत अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा नुसता मुलामा असतो. टोक सोलून ब्लेडने खरवडलं की आतला पांढरा धातू लगेच दिसतो. अ‍ॅल्युमिनियम तांब्यापेक्षा विजेला दीडपटीहून जास्त विरोध करतं, हादऱ्यांत लवकर तुटतं, आणि ओलाव्यात तर ते पावसाळाभरही धड राहत नाही. कोकणपट्टीत, खाऱ्या वाऱ्यात गाडी असेल तर कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची वायर मिळते, बोटींसाठी वापरतात तशी. ती महाग आहे, पण तिथे तिला पर्याय नाही.

मग थिंबल. पक्कडीने दाबलेलं थिंबल आणि योग्य क्रिम्पिंग टूलने दाबलेलं थिंबल वरून सारखीच दिसतात. मामांनी एकदा दोन्ही करवतीने आडवी कापून माझ्या हातात ठेवली. पक्कडीच्या थिंबलमध्ये तारांच्या मधे काळ्या फटी स्पष्ट दिसत होत्या. टूलच्या थिंबलमध्ये तारा आणि भिंत इतकी एकजीव झाली होती की तांब्याचा एकच गोळा वाटावा. त्या फटींतूनच हवा आणि पाणी शिरतं. "सोल्डर केला की पक्कं" असं पुष्कळजण म्हणतात. पण सोल्डर तारांच्या आत वर चढतो, तेवढा भाग काडीसारखा कडक होतो, आणि जिथे कडक भाग संपून मऊ वायर सुरू होते तिथेच हादऱ्यांनी ती तुटते. जांभ्याच्या वाटेवर चालणाऱ्या गाडीत नीट दाबलेलं थिंबल आणि त्यावर आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी हाच जोड मला पटतो. काळी चिकटपट्टी गुंडाळणं म्हणजे ओलावा आत बांधून ठेवणं.

दिव्यांचा हिशेब तर फार बोलका आहे. जुन्या जीपमध्ये हेडलाईटचा सगळा करंट बॅटरीपासून डॅशबोर्डच्या स्विचला, तिथून पायाशी असलेल्या डिपरच्या बटणाला आणि मग पुढे बल्बला जातो. पायाशी म्हणजे चिखलाचे बूट जिथे टेकतात तिथेच. ६० वॅटचे दोन बल्ब मिळून सुमारे १० अँपिअर घेतात. पाच मीटर लांब, एक चौरस मिमीच्या वायरीत तेवढ्या करंटला जवळपास ०.९ व्होल्ट पडतं, स्विच आणि डिपरच्या झिजलेल्या पॉइंटांतलं वेगळंच. साध्या फिलामेंटच्या बल्बचं व्होल्टेज दहा टक्क्यांनी कमी झालं की उजेड सुमारे तीस टक्क्यांनी घटतो. लोकांना वाटतं दिवे कमजोर आहेत, म्हणून ते १०० वॅटचे बल्ब आणतात. करंट वाढतो, वायरीत पडणारं व्होल्टेज वाढतं, स्विच तापून वितळतो, आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात ते वेगळंच.

यावर उपाय रिलेचा, म्हणजे थोड्या करंटवर चालून मोठा करंट जोडणाऱ्या विजेच्या स्विचचा. रिलेवर चार आकडे असतात आणि जगभर त्यांचा अर्थ एकच: ३० म्हणजे बॅटरीकडून येणारी वायर, ८७ म्हणजे दिव्याकडे जाणारी, ८५ आणि ८६ म्हणजे आतल्या कॉइलची दोन टोकं. जुना स्विच आता फक्त कॉइल चालवतो, तिला जेमतेम पाव अँपिअर लागतो. खरा करंट बॅटरीपासून अडीच चौरस मिमीच्या आखूड वायरीतून थेट बल्बला जातो. अप्परला एक रिले, डिपरला एक. दिव्यांची अर्थिंगही पत्र्यावर न सोडता तेवढ्याच जाडीच्या वायरीने बॅटरीच्या मायनसला नेली. बल्ब तेच ६०/५५ वॅटचे कंपनीचे ठेवले. पहिल्या रात्री कासच्या धुक्यात डिपरवर रस्त्याची कड दिसली तेव्हा मला झालेला आनंद नव्या गाडीच्या किल्ल्या हातात आल्यावर होतो त्याहून कमी नव्हता.

फ्यूज वायरीच्या रक्षणासाठी असतो, हे आपल्याकडे कुणी नीट समजावून सांगत नाही. म्हणून तो बॅटरीच्या अगदी जवळ, वीतभर अंतराच्या आत हवा. दिव्यापाशी लावलेला फ्यूज मधली दहा फूट वायर पत्र्याला घासून शॉर्ट झाली तर काहीच करू शकत नाही. आकडा वायरीची जाडी बघून ठरवायचा. चपट्या फ्यूजचे रंग लक्षात ठेवले की अंधारातही गोंधळ होत नाही: १० लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून फ्यूज चालू करणारे लोक मी पाहिले आहेत. अशा गाडीत मुलाबाळांना बसवू नये.

पाण्याबद्दलही थोडं. दिव्याच्या खोक्यावर आयपी ६७ लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ धुळीपासून पूर्ण बचाव आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास. सर्व्हिस सेंटरच्या जोरदार फवाऱ्याची हमी त्यात येत नाही, ती वेगळ्या आकड्यांत असते. आणि तापलेला दिवा ओढ्याच्या गार पाण्यात बुडला की आतली हवा आकसते आणि मिळेल त्या फटीतून पाणी ओढून घेते. ओढ्यात शिरण्याआधी दोन मिनिटं दिवे बंद ठेवले तर बराच त्रास वाचतो. कनेक्टर घेताना मी प्रत्येक वायरीला रबरी बूच असलेलेच घेतो, आणि वायर नेहमी कनेक्टरच्या खालून आणतो, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी आत न जाता खाली टपकतं.

दुसऱ्या महायुद्धातल्या विलीस जीपची वीज ६ व्होल्टची होती. त्याच वॅटसाठी ६ व्होल्टला १२ च्या दुप्पट करंट लागतो, आणि वायरीत वाया जाणाऱ्या विजेचं प्रमाण चौपट होतं. १९५० च्या सुमारास आलेल्या एम३८ या लष्करी जीपला २४ व्होल्ट आणि पाणी न शिरणारी इग्निशन व्यवस्था दिली. युद्धात समुद्रकिनाऱ्यांवर आणि नद्यांमध्ये गाड्या उतरवल्यानंतर आलेलं ते शहाणपण होतं. आपल्याकडे १९४० च्या दशकाच्या अखेरीला मुंबईत विलीस जीप जोडायला लागल्या आणि त्यांच्या वंशातल्या गाड्या आजही डोंगरात धावतात. त्यांचं वायरिंग बहुतेक ठिकाणी हातोहाती बदलत गेलं आहे. एकाने निळी काढून लाल लावली, दुसऱ्याने टेप रेकॉर्डरसाठी मधेच जोड मारला, तिसऱ्याने तो टेप काढला पण वायर तशीच लोंबती ठेवली. मूळ नकाशाचा उपयोगच राहत नाही. आम्ही सगळं उकलून नव्याने नकाशा काढला, प्रत्येक वायरीचा रंग, जाडी आणि फ्यूज लिहून तो लॅमिनेट केला आणि ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणाला आतून चिकटवला. यापुढे या गाडीवर काम करणाऱ्या कुणालाही अंदाजावर हात घालावा लागू नये, एवढीच इच्छा.

विंच, म्हणजे दोर गुंडाळत रुतलेली गाडी ओढून काढणारं यंत्र, घ्यावी असं मित्रांचं फार म्हणणं होतं. मी हिशेब मांडला. नऊ-साडेनऊ हजार पौंड ओढणारी १२ व्होल्टची विंच पूर्ण भारावर चारशेच्या आसपास अँपिअर खाते. जुन्या जीपचा ऑल्टरनेटर पस्तीस-चाळीस देतो. बाकीचं सगळं बॅटरीतून जाणार, म्हणजे आधी मोठा ऑल्टरनेटर, मग मोठी बॅटरी, जाड केबल, आयसोलेटर स्विच, आणि हे सगळं करून ती वर्षातून दोनदा चालणार. शेताच्या वाटेसाठी हाताने चालणारी विंच आणि चांगला पट्टा मला पुरेसा वाटतो. जी मंडळी दर आठवड्याला चिखलात उतरतात त्यांनी विजेची विंच जरूर घ्यावी, फक्त केबल आणि अर्थिंग विंचच्या आधी घ्यावी. आमच्या गाडीचं पुढचं काम मागच्या दिव्यांचं आहे. त्यांची अर्थिंग अजून डाल्याच्या गंजक्या पत्र्यावर आहे, आणि पावसाआधी ती स्वतंत्र वायरीने पुढे आणायची ठरली आहे. मामांनी त्यासाठी चार चौरस मिमीची काळी वायर आणून ठेवायला सांगितली आहे.